फुफ्फुसातलं तेल

१

"तुमच्या नवऱ्याच्या फुफ्फुसात तेल सापडलंय," डॉक्टर ऑर्ला म्हणाल्या.

केतकीने मान हलवली. गेल्या चार दिवसांत तिने इतक्या गोष्टींना मान हलवली होती की आता ती आपोआपच हलायची. मग वाक्य डोक्यात उतरलं आणि ती खुर्चीतून उठलीच.

"तेल? कसलं तेल?"

"तेच तुम्ही मला सांगायचंय."

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या मोठ्या हॉस्पिटलात उपेंद्र शनिवारपासून व्हेंटिलेटरवर होता. वय चौतीस. न्यूमोनिया म्हणून तीन अँटिबायोटिक्स बदलून झाली होती आणि एकानेही काडीचा फरक पडला नव्हता. काल नळी घालून फुफ्फुसातलं पाणी काढलं, तर त्यातल्या पेशी तेल पिऊन टम्म फुगलेल्या दिसल्या.

"हे श्वासातून आत गेलेल्या तेलाचं असेल, तर मी आज स्टेरॉइड सुरू करते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तेल थोडंसंच असेल आणि खरा दोष इन्फेक्शनचा असेल, तर स्टेरॉइडने इन्फेक्शन माजेल आणि तुमचा नवरा वाचणार नाही. अंदाजाने मी हे करणार नाही. तेल कुठून आलं, कसलं, किती दिवस जात होतं, हे कळायला हवं. पाच वाजता आम्ही सगळे डॉक्टर बसणार आहोत."

"आणि पाचपर्यंत नाही कळलं तर?"

डॉक्टर ऑर्लांनी चार्ट तिच्याकडे वळवला. "काल त्यांना जेवढा ऑक्सिजन लागत होता, त्याहून आज बराच जास्त लागतोय. उद्याची वाट बघण्याएवढा वेळ आपल्याकडे आहे, असं मला वाटत नाही."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"ते व्हेप करतात, म्हणजे ई-सिगारेट ओढतात, असं तुम्ही फॉर्मवर लिहिलंय," डॉक्टरांनी विचारलं. "त्यात भरायचं लिक्विड कुठून घेतात?"

लिक्विड उपेंद्र कुठूनच घेत नव्हता. दर रविवारी, चहा झाल्यावर, ते केतकी स्वतःच्या हातांनी तयार करायची.

२

केतकी सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घ्यायची आणि घरीही तेच काम फुकट करायची. उपेंद्रची दहा वर्षांची सिगारेट तिनेच सोडवली होती, मागच्या वर्षी, व्हेप हातात देऊन. ते देण्याआधी तिने महिनाभर वाचलं होतं. वाफ होणाऱ्या पातळ पदार्थाला इथे बेस म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो. एक प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी. ते पाण्यासारखं पातळ, धूर कमी, पण घसा खवखवतो, कोरडा पडतो, काहींना सोसतच नाही. दुसरं व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी. ते दाट, गोडसर, घशाला मऊ, पण धूर ढगासारखा. दोन्ही खाण्यापिण्यात चालतात. वर्षानुवर्षं छातीत ओढल्यावर काय होतं, हे मात्र छातीठोकपणे कुणीच सांगत नव्हतं.

वर्षभर ती निम्मं पीजी, निम्मं व्हीजी असं मिश्रण करायची. ऑक्टोबरात उपेंद्रच्या घशाची तक्रार वाढली, आणि त्याच सुमारास पुण्याहून त्याची आई यायची होती. उठताबसता खाकरणारा मुलगा आईच्या नजरेतून सुटला नसता. म्हणून केतकीने पीजी बंद केलं आणि सगळं ग्लिसरीनवर आणलं. त्याला सहा आठवडे झाले होते.

घसा खरंच बरा झाला. पुढे खोकला लागला, तो तिने थंडीवर ढकलला. आणि सहा आठवड्यांनी माणूस व्हेंटिलेटरवर गेला.

'मीच केलं,' असं तिच्या मनाने शनिवारीच ठरवून टाकलं होतं. पुरावा तेवढा आज मिळाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिच्या सासूबाई पद्मिनीबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारी मुक्ताची आई डबा घेऊन आलेली. मुक्ता केतकीच्याच ऑफिसातली, वरच्या मजल्यावर राहणारी. तिची आई विजयालक्ष्मी सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या.

"काय म्हणाली गं डॉक्टर?" पद्मिनीबाईंनी विचारलं. "त्याच्या पायात मोजे घातलेत का? इथल्या खिडक्याच उघडत नाहीत. आणि वाफ देतात की नाही त्याला? एवढी मशिनं लावलीत, पण साधी वाफ द्यायला कुणाला सुचत नसेल!"

"देतील, आई," केतकी म्हणाली. चार दिवस सासूबाईंचे असेच प्रश्न चालले होते आणि तिला उत्तरं देण्याचं त्राण नव्हतं. तिने विजयालक्ष्मींना बाजूला नेलं आणि जिन्याजवळ उभी राहून भडाभडा सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आवरेना. "मावशी, मी त्याला मारलं हो! चांगलं तेच निवडायला गेले आणि मारलं."

विजयालक्ष्मींनी एकतीस वर्षं नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत खाद्यतेलातली भेसळ पकडली होती. त्यांच्या एका अहवालावर भलेभले व्यापारी कोर्टात घाम पुसत उभे राहिले होते. इथे आल्यापासून त्यांना नातवाच्या टिफिनखेरीज काही तपासायला मिळालं नव्हतं.

"रडून घे, पण चालता चालता रड," त्या म्हणाल्या. "मला आधी एक सांग. ग्लिसरीन म्हणजे तेल, हे तुला कोणी सांगितलं?"

केतकीचं रडू तिथेच थांबलं.

"वेळ कशाला दवडून राहिली? घरी चल. आणि तो व्हेप कुठे आहे त्याचा?"

"त्याच्या कपड्यांच्या पिशवीत. अँब्युलन्समध्ये खिशातच होता."

"पिशवी घे. उघडू नको."

३

साडेबाराला केतकीच्या ओट्यावर चार काचेचे पेले कोमट पाण्याने भरून उभे होते.

ओट्याशी आशिषही उभा होता. तो उपेंद्रचा कॉलेजपासूनचा मित्र, तासाभरावरच्या नास गावात राहायचा आणि ग्लिसरीनचा पाच लिटरचा कॅन त्यानेच आणून दिला होता. मित्राला बघायला तो सकाळीच ड्रोहेड्यात येऊन पोचला होता. केतकीने फोन केल्यावर घरी आला, पण कॅनचा विषय निघताच चेहरा उतरला.

"कॅन कुठून घेतला होता, बेटा?" विजयालक्ष्मींनी विचारलं.

"दुकानातून."

"व्हेपच्या?"

आशिष खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. "नाही, मावशी. घरी साबण बनवणारे लोक असतात ना, त्यांच्या सप्लायरकडून. अर्ध्या किमतीत होता यार! लेबलवर प्युअर लिहिलं होतं, म्हणून मी... केतकी, मी तुला बोललो नाही. चार दिवस झोपलो नाहीये. माझ्यामुळे झालं असेल तर सरळ सांग."

केतकीला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. त्याच वेळी, लाज वाटावी इतका आशेचा किरणही दिसला. आशिषचा दोष निघाला तर तिचा नव्हता.

विजयालक्ष्मींनी वरच्या प्रेसमधला कॅन काढून (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं) पहिल्या पेल्यात चमचाभर ग्लिसरीन ओतलं. ते सरळ तळाशी गेलं. चमचा फिरवला तसं पाण्यात मिसळून दिसेनासं झालं.

"बघ. दिसायला तेलासारखं, पण जात साखरेची. पाणी दिसलं की विरघळते. तेल मेलं तरी पाण्यात विरघळायचं नाही. हा कॅन स्वच्छ आहे. व्हेजिटेबल लिहिलेलं वाचून लोक त्याला तेल समजतात. तूही समजलीस, इतकं वाचून."

आशिषने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केतकीचा किरण मावळला.

दुसऱ्या पेल्यात मेन्थॉल फ्लेवर पडला. तो गावातल्या व्हेपच्या दुकानातला, उपेंद्रच्या आवडीचा. पाणी एकदम पांढुरकं झालं आणि केतकी ओरडली, "हेच! मावशी, हेच ते!"

"दम धर." विजयालक्ष्मींनी किटलीतलं गरम पाणी त्यात ओतलं. पांढुरकेपणा गेला, वर काही तरंगलं नाही. "पाणी पुरेसं गरम नसलं की मेन्थॉल असंच करतं. दुकानदारही सुटला."

तिसऱ्या पेल्यात, उपेंद्र हॉस्पिटलात जाण्याआधीच्या रविवारी केतकीने तयार केलेल्या बाटलीतलं लिक्विड. ते तळाशी गेलं, फिरवलं, विरघळलं. नितळ पाणी.

तिन्ही पेले स्वच्छ. केतकीला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे व्हेपमध्ये काहीच नाही? मग तेल आलं कुठून?"

"एक पेला राहिलाय."

विजयालक्ष्मींनी व्हेपच्या टाकीचं झाकण फिरवून उघडलं. टाकी म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, तिच्यात थोडं लिक्विड शिल्लक होतं. त्यांनी ते चौथ्या पेल्यात उलटं केलं आणि चमचा फिरवला. निम्मं खाली जाऊन नाहीसं झालं. उरलेल्याचे पिवळसर, चकचकीत गोल थेंब, रश्श्यावर तर्री यावी तसे वर आले. कितीही ढवळलं तरी तरंगत राहिले.

तिघंही त्या पेल्याकडे बघत होते.

"बाटलीत तेल नाही," विजयालक्ष्मी सावकाश म्हणाल्या. "टाकीत आहे. म्हणजे रोज बाटलीतून टाकी भरल्यानंतर कोणीतरी ते टाकीत घातलं. बाहेरच्याचं हे काम नाही. घरात माणसं किती?"

"तीन. पण आईंना तर व्हेपचं माहीतच नाही. उपेंद्रने त्यांच्यापासून लपवलंय."

"मग उरलं कोण?"

केतकीने आशिषकडे पाहिलं. आशिष तिच्याकडेच बघत होता, आणि त्याने नजर खाली वळवली.

४

"मावशी, तुम्हाला वाटतं मी..." केतकीने विचारलं.

"मला काही वाटत नसते. मी फक्त ओळीने बघते. बस. आणि मी विचारीन तेवढंच सांग." घड्याळात एक वाजून गेला होता. "मधल्या सहा आठवड्यांत त्याने व्हेपची काही तक्रार केली होती?"

"कॉइल जळते म्हणायचा. आतली तापणारी तार. पूर्वी दोन आठवडे टिकायची, आता तीन दिवसांत काळी. जळका वास येतो म्हणायचा. मी म्हटलं, ग्लिसरीन दाट असतं, त्याने होतं तसं. वाचलं होतं मी."

"खरंय, होतं. म्हणून तर तू पुढे शोधलं नाहीस. आणि तेलाची चव?"

"त्याचं नाक चोंदलेलं होतं. थंडी सुरू झाली की सायनस असतोच त्याला. वर मेन्थॉल."

"बरं. पूर्वीच्या पातळ मिश्रणाने धूर किती यायचा?"

"बेताचाच."

"आणि नुसत्या ग्लिसरीनचा?"

"खूप. पण तो बाथरूममध्ये पंखा लावून..." केतकी थांबली. तिला दुसऱ्या आठवड्यातली ती सकाळ आठवली. बाथरूमचं दार उघडलं आणि पॅसेज पांढरा झाला. धुराचा अलार्म कोकलायला लागला, केतकी टॉवेलने वारा घालत धावली.

"तेव्हा पद्मिनीबाई कुठे होत्या?"

"सोफ्यावर. शेंगा सोलत."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

"ह्याआधी कधी मुलगा सिगारेट ओढताना सापडला होता त्यांना?"

उत्तर आशिषने दिलं. "सेकंड इयरला. मी होतो ना तिथे! काकू तीन दिवस जेवल्या नव्हत्या. उप्याला पाया पडून शपथ घ्यावी लागली."

"बघा, म्हणजे एकदा सापडला तर तीन दिवस उपास करणारी बाई." विजयालक्ष्मींनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि आता डोळ्यांसमोर घरभर पांढरा धूर, अलार्म वाजतोय, तर ती शांतपणे शेंगा सोलते. चौकशीसुद्धा करत नाही. ह्याचा अर्थ तिला माहीत नाही असा होत नाही, केतकी. तिला पूर्ण माहीत आहे, असं तिला वाटतं. तिने आधीच विचारलंय आणि तिला उत्तरही मिळालंय. असं उत्तर, की ऐकून आईला बरं वाटावं. सायनस झालेल्या मुलाच्या तोंडातून पांढरी वाफ निघते. तू आई असतीस तर मुलाने काय सांगितलेलं तुला पटलं असतं?"

सकाळचे सासूबाईंचे शब्द केतकीला आता पहिल्यांदा ऐकू आले.

"वाफ," ती म्हणाली. "त्याने सांगितलं असणार, सायनससाठी वाफ घेतो म्हणून."

"आणि नुसत्या वाफेने गुण येत नाही असं दिसलं, तर आपल्याकडची बाई गप्प बसते का गं?"

आशिष उठला. "मी टॅक्सी बोलावतो."

जिना उतरताना केतकीच्या मनात एकच गोष्ट होती, आणि तिची तिला किळस येत होती. 'मी नव्हते,' असं तिचं मन म्हणत होतं. 'मी नव्हते, मी नव्हते.' उपेंद्र तिथे नळ्यांत पडला होता आणि ती मनातल्या मनात सुटल्याचा आनंद करत होती.

५

कॉरिडॉरमध्ये पद्मिनीबाई त्याच खुर्चीत होत्या. डबा तसाच, न उघडलेला.

विजयालक्ष्मी त्यांच्या शेजारी बसल्या. कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारी ती बाई आता एखाद्या मैत्रिणीकडे रेसिपी मागावी तसं बोलली.

"पद्मिनीबाई, उपेंद्र वाफ घ्यायचा ना त्या छोट्या यंत्रातून, त्यात तुम्ही काय घालत होता हो?"

पद्मिनीबाईंचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"बघा, कोणी विचारलंच नाही मला! तिळाचं तेल. ज्येष्ठमध घालून कढवलेलं. आमच्याकडे नाकात सोडतात दोन-दोन थेंब, सर्दीला उतार पडतो. पण हा लहानपणापासून नाकाला हात लावू द्यायचा नाही. मग म्हटलं, वाफेत घालू. तो आंघोळीला गेला की झाकण फिरवून हळूच घालायची, मला जमायला लागलं होतं. त्याला सांगितलं असतं तर ओरडला असता."

"रोज?"

"आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. आधी दोनच थेंब. मग खोकला वाढायला लागला तसे चार केले."

केतकीला आता हिशोब लागला. खोकला वाढला तसे चार. औषधाने खोकला वाढत होता आणि खोकल्याने औषध.

"आणलंय मी इथे," पद्मिनीबाईंनी पर्स उघडली आणि डोळ्यांच्या औषधाची धुतलेली बाटली बाहेर काढली. आत पिवळं तेल होतं. "ह्या मोठ्या मशिनमध्ये घाला म्हणून त्या नर्सला दोनदा दाखवलं. तिला काही कळेचना. थँक्यू थँक्यू म्हणाली आणि गेली. केतकी, तू सांग ना तिला इंग्लिशमध्ये."

केतकीने ती बाटली घेतली. आतल्या दाराकडे गेली, बेल वाजवली. डॉक्टर ऑर्ला आल्या तेव्हा तिने बाटली त्यांच्या हातात ठेवली. तिळाचं तेल, साडेपाच आठवडे, रोज दोन ते चार थेंब, तापलेल्या तारेवरून थेट छातीत. चौथा पेलाही आशिषने झाकून आणला होता, तोही दिला. डॉक्टरांनी एकदा बाटलीकडे आणि एकदा कॉरिडॉरमधल्या म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं.

"तारखा छातीच्या फोटोंशी जुळतात," त्या म्हणाल्या. "मी पाचची वाट बघत नाही."

तीन वाजून वीस मिनिटांनी स्टेरॉइडचा पहिला डोस गेला.

ती परत आली तेव्हा पद्मिनीबाई उभ्या होत्या. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते.

"केतकी, माझ्या तेलाने झालं का?"

खोटं बोलायची ही वेळ होती आणि केतकीला एकही खोटं सुचलं नाही. "हो, आई."

"पण वाफेतून..."

"ते वाफेचं नव्हतं. सिगारेट सोडायचं यंत्र होतं. त्यातून तेल आत गेलं की..."

पद्मिनीबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सिगारेट सोडलीय त्याने?"

"हो. वर्ष झालं."

"मग ते सांगायचं होतं की मला. मी काय खाल्लं असतं त्याला?"

दोन दिवस काहीच झालं नाही. केतकी आकड्यांकडे बघत बसायची, आकडे हलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी लागला. मग आणखी थोडा. आठव्या दिवशी नळी काढली. फुफ्फुसं पूर्वीसारखी होतील असं डॉक्टर ऑर्ला म्हणाल्या नाहीत. जिना चढता येईल, कदाचित, एवढंच म्हणाल्या.

आत जाण्याआधी पद्मिनीबाईंनी केतकीचं मनगट धरलं.

"त्याला सांग, तेल आईने घातलं. पण तो मला वाफ म्हणाला होता, ते काढू नकोस. आईची चूक माणूस पचवतो गं. आपल्याच खोटेपणाने आपण इथवर आलो, हे कळलं तर तो उठायचा नाही."

केतकीने मान हलवली.

उपेंद्र वाळून लाकूड झाला होता. त्याला काहीच सांगायची गरज नव्हती. सकाळी राउंडला डॉक्टरांनी त्याला तेलाचं विचारलं होतं, आणि डोकं अजून जड असलं तरी हे काम कुणाचं, ते आईच्या मुलाला लगेच कळलं होतं.

"आई," त्याचा आवाज घासल्यासारखा आला. "मी तुला वाफ म्हणालो होतो. मी खोटं..."

"मला माहीत होतं," पद्मिनीबाई म्हणाल्या.

केतकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे, ते सिगारेटचं आहे म्हणून. मी काय खुळी आहे? तरी घातलं तेल. माझीच अक्कल चरायला गेली होती. तू काही केलं नाहीस."

त्या त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. उपेंद्र आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत असल्यासारख्या त्या बोलल्या होत्या, आणि खोटं कसं दिसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची छाती जोरात वर आली. त्याला ओक्साबोक्शी रडायचं होतं, पण तेवढा श्वास त्याच्यापाशी नव्हता. मॉनिटर वाजायला लागला, नर्स आत आली आणि म्हणाली की पेशंटला बोलायला लावू नका.